कऱ्हाडे का सापडले नाहीत, तेच सांगा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी इचलकरंजीत राहते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून एका छोट्या कंपनीत लागले. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि जँगो हा तिच्यातला तयार साचा वापरून. गेल्या वर्षी पायथॉनच्या एका मोठ्या कॉन्फरन्सला टॉकचा प्रस्ताव पाठवला होता, विषय ‘पायथॉन आणि भारतीय भाषा : एक ओळख’. तो नाकारला. कारण कळलं नाही, ‘यंदा खूप प्रस्ताव आले’ एवढंच उत्तर आलं. आता पुन्हा पाठवायचं मनात आहे. एका सहकाऱ्याने एआयकडून नवा मजकूर लिहून घेतला, तो आणि जुना प्रस्ताव दोन्ही सोबत जोडले आहेत.

पण धीर होत नाही. असे टॉक बंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांतल्या लोकांनाच मिळतात का? माझं इंग्रजी बेताचं आहे. आमचं कामही काही भारी नाही, दिवसभर खातेदारांच्या नावांशी झटापट चालू असते. परवा एका शाखेतून फोन आला की कऱ्हाडे नावाचे खातेदार यादीत दिसतात, पण शोधले की सापडत नाहीत. कारण शोधून त्यावर एक छोटा नियम लिहीपर्यंत दोन दिवस गेले. अशा माणसाने प्रस्ताव पाठवावा का? पाठवला तर त्यात काय लिहावं? कंपनीला विचारावं लागेल का? आणि जाण्यायेण्याचा खर्च कसा करायचा?

– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

नमस्कार. पाठवावा का, याचं उत्तर ‘हो’ आहे आणि ते मी कसलीही अट न घालता देते. मात्र जुना प्रस्ताव पाठवू नका आणि सोबत जोडलेला नवाही पाठवू नका. तुमचा टॉक पत्रातल्या त्या कऱ्हाड्यांच्या दोन-तीन वाक्यांत आहे. त्या वाक्यांत जेवढा ऐवज आहे, तेवढा दोन्ही प्रस्तावांत मिळून नाही.

अशा कॉन्फरन्ससाठी आलेले प्रस्ताव मी काही वर्षं वाचते आहे, म्हणून पलीकडच्या बाजूला काय घडतं ते आधी सांगते. वाचणारे सगळे स्वयंसेवक असतात. दिवसभर आपापली नोकरी करून रात्री लॅपटॉप उघडतात. प्रस्ताव शेकड्यांनी येतात आणि जागा काही डझन असतात. प्रत्येक प्रस्ताव वाचताना डोक्यात तीन-चारच प्रश्न असतात. हा माणूस नेमकं काय सांगणार आहे? ते त्याने स्वतः केलंय का? अर्ध्या तासात ते मावेल का? आणि ऐकणारा उठून जाताना त्याच्या हाती काय लागेल? ‘एक ओळख’ असं शीर्षक असलेले प्रस्ताव ढिगाने येतात. तुमच्या जुन्या प्रस्तावात युनिकोड (जगभरच्या लिप्यांतली अक्षरं संगणकात साठवण्याची प्रमाण पद्धत), मशीन ट्रान्सलेशन, छापील पानांवरून मजकूर ओळखणं आणि आवाज ओळखणं असे चार विषय अर्ध्या तासात आहेत. वाचणाऱ्याला लगेच कळतं की यातलं एकही धड होणार नाही. शिवाय ती माहिती कोणीही चार ठिकाणचे लेख वाचून सांगू शकतो. नकार आला तो यामुळे आला असावा. इचलकरंजीचा किंवा डिप्लोमाचा त्याच्याशी संबंध असेल असं मला वाटत नाही.

आता कऱ्हाड्यांकडे येऊ. तुम्ही दोन दिवस घालवून जे शोधून काढलंत, त्याची खोली तुम्हाला स्वतःलाच अजून जाणवलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘ऱ्ह’ मधला तो आडवा अर्धा र संगणकात तीन तऱ्हांनी साठवता येतो. पहिली तऱ्हा म्हणजे ‘ऱ’ हे एकच अक्षरचिन्ह, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ह. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग पाय मोडायचा आणि पुढे ह. तिसरीत साधा र, पाय मोडायचा, मग डोळ्यांना न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह आणि पुढे ह. पडद्यावर तिन्ही ‘कऱ्हाडे’ सारखेच दिसतात. पायथॉनला मात्र ती तीन वेगळी नावं वाटतात. शाखेतल्या कारकुनाने एका कीबोर्डवर नाव टाकलेलं असतं, मुख्य कार्यालयातला माणूस दुसऱ्यावर शोधतो, आणि जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या याद्या आणखी तिसऱ्याच तऱ्हेने आलेल्या असू शकतात. खातेदार यादीत दिसतो पण शोधला की सापडत नाही, तो यामुळे.

यावर जाणकार माणूस पटकन म्हणतो, ‘नॉर्मलाइझ करा ना!’ म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणा. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये ती सोय आहेच. एनएफसी नावाचं ठरलेलं रूप मागितलं की पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही. तुमच्या टॉकचा कणा इथे आहे. युनिकोडच्या नियमांप्रमाणे जॉइनर वापरलेलं रूप आणि ‘ऱ’ वापरलेलं रूप समतुल्य मानलेलंच नाही, म्हणून नॉर्मलाइझ केल्यावरही कऱ्हाडे हरवलेलेच राहतात. मग कोणीतरी सुचवतो की न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाका. तसं केलं तर ‘कऱ्हाडे’चं ‘कर्हाडे’ होतं, म्हणजे ह वर रफार चढतो आणि माणसाचं आडनावच बिघडतं. पासबुकावर छापून आल्यावर तो खातेदार काय म्हणेल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. म्हणजे तयार उपाय अर्धाच लागू पडतो, सोपा उपाय नुकसान करतो आणि शेवटी स्वतःचा एक छोटा नियम लिहावा लागतो. तुम्ही तो लिहिलात. हा प्रवास सांगणारा टॉक मी तरी आजवर ऐकलेला नाही आणि मला तो ऐकायचा आहे.

त्याला जोडूनच वकिलांच्या नावाआधी लागणाऱ्या ‘ॲड.’ची गोष्ट येते. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत होते आणि अजूनही कित्येक ठिकाणी तसंच टाइप होतं. ही दोन रूपंही एनएफसीने एक होत नाहीत. पतसंस्थेच्या सभासदांत वकील असतातच, त्यामुळे हा दुसरा दाखला तुमच्या हाताशी आहे.

तुम्हाला शंका येईल की सभागृहात तमिळ, बंगाली, मल्याळी लोक बसलेले असतील, त्यांना आपल्या आडव्या र चं काय? त्यांना पुष्कळ काही आहे. फ्रेंच नावांत रोमन e वर तिरकी रेघ असलेल्या अक्षराचीही (é) दोन रूपं असतात आणि ती नॉर्मलाइझ केल्यावर एक होतात. जगभरचे लेख हाच दाखला देऊन थांबतात, त्यामुळे ‘नॉर्मलाइझ केलं की झालं’ अशी समजूत सगळीकडे पसरली आहे. ती आपल्या लिप्यांत कुठे तुटते हे तुम्ही प्रत्यक्ष कामातून दाखवणार आहात. ऐकणारा आपल्या भाषेतली अशी जागा शोधायला त्याच रात्री बसेल.

इथे एक मोह होईल, तो आवरा. देवनागरी आणि पायथॉन यांच्यात गमतीशीर जागा पुष्कळ आहेत. ‘नमस्ते’ची लांबी पायथॉन ६ सांगतो, कारण तो न, म, स, पाय मोडायचं चिन्ह, त आणि मात्रा असं सगळं वेगळं मोजतो. पायथॉनच्या स्वतःच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात नमुना शोधायच्या सोयीत, ‘शब्दातलं अक्षर’ या अर्थाचं बॅकस्लॅश डब्ल्यू हे चिन्ह वापरून ‘मराठी’तून शब्द काढायला गेलं तर ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात, कारण काना आणि वेलांटी यांना ते अक्षर मानतच नाही. वेगळं बसवावं लागणारं रेजेक्स नावाचं मॉड्यूल मात्र हे नीट करतं. पायथॉनने याद्या क्रमाने लावताना ळ हे ल च्या पाठोपाठ येतं, कोशात आपण त्याला ह नंतर शोधतो. हे सगळं खरं आहे आणि रंजकही आहे, पण तुमचा विषय ‘नाव शोधणं’ हा आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनचा दाखला शोधाशी जुळतो, तो ठेवा. बाकीचे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवा. सगळंच सांगायला गेलात तर पुन्हा ‘एक ओळख’ होईल.

आता प्रत्यक्ष लिखाण. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे टॉकचा सारांश, शेवटी इंग्रजीत जाणार आहे, पण पहिला खर्डा मराठीत लिहा. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला डबा खाताना जसं सांगाल तसं. मी असा काहीसा लिहिला असता:

‘आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खातेदार यादीत दिसत होता, पण नावाने शोधल्यावर सापडत नव्हता. कारण निघालं एका अक्षराची तीन रूपं, जी पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. या टॉकमध्ये ती रूपं पायथॉनमध्ये उलगडून दाखवेन, नॉर्मलायझेशनने त्यातलं काय सुटतं आणि काय सुटत नाही ते सांगेन, आणि न दिसणारी चिन्हं सरसकट काढल्याने नावं कशी बिघडतात तेही दाखवेन. शेवटी आम्ही लिहिलेला छोटा नियम आणि तो तपासणाऱ्या चाचण्या मांडेन. ऐकणाऱ्याला आपल्या डेटाबेसमध्ये असे हरवलेले लोक कसे शोधायचे ते कळेल. युनिकोडची आधी माहिती असायची गरज नाही, पायथॉनच्या स्ट्रिंग येत असल्या की पुरे.’

बघा, यात ‘शक्तिशाली’, ‘क्रांतिकारी’, ‘आजच्या डिजिटल युगात’ असलं काही नाही. पहिल्याच वाक्यात अडचण आहे. ती तुमचीच आहे हे कळतं. ऐकणाऱ्याला काय मिळणार आणि त्याला आधी काय यायला हवं, दोन्ही लिहिलं आहे. हे इंग्रजीत नेताना छोटी वाक्यं छोटीच ठेवा.

ॲबस्ट्रॅक्टखाली आराखड्याची जागा असते. बहुतेक नवखे लोक ती दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या अनुभवात निर्णय बऱ्याचदा तिथेच होतो. कुठल्या भागाला किती मिनिटं देणार ते लिहा. अडचण आणि तिचं प्रत्यक्ष दर्शन ५ मिनिटं, तीन रूपं उलगडून दाखवणं ७, नॉर्मलायझेशनची मर्यादा ५, चुकीचा उपाय आणि बिघडलेलं आडनाव ३, तुमचा नियम आणि चाचण्या ५, उरलेला वेळ प्रश्नांना. इतकं लिहिलेला प्रस्ताव वाचला की माणसाने मनात टॉक एकदा देऊन पाहिला आहे हे समजतं. जमलं तर नियमाचा कोड एखाद्या सार्वजनिक रिपॉझिटरीत, म्हणजे कोणालाही बघता येईल अशा कोडच्या साठ्यात, टाकून त्याचा दुवा द्या. पन्नास ओळींचा असला तरी चालेल. नवख्या वक्त्याच्या बाबतीत वाचणाऱ्याला एकच धाकधूक असते, हा माणूस उभा राहून बोलू शकेल का? फोनवर स्वतःचं दोन-तीन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून त्याचा दुवा दिलात तर ती बरीच कमी होते. खोलीत उजेड पुरेसा असू दे आणि आवाज स्वच्छ यावा, एवढं बघा.

शीर्षकात ‘कऱ्हाडे’ येऊ द्या किंवा निदान हरवलेला खातेदार तरी. वेळापत्रकात लोक शीर्षक बघूनच कुठल्या दालनात जायचं ते ठरवतात.

सहकाऱ्याने एआयकडून करून घेतलेला मजकूर मी वाचला. तो व्याकरणाने शुद्ध आहे आणि त्यात तुम्ही कुठेच नाही. पतसंस्था नाही, कारकून नाही, एकही अक्षर नाही, ‘भाषिक विविधतेची आव्हानं’ मात्र तीन वेळा आहेत. असे मजकूर आता एकामागून एक येतात आणि ते एकमेकांत वेगळे ओळखता येत नाहीत. आधीच्या प्रस्तावापेक्षा हा जास्त धोक्याचा आहे, कारण जुन्यात निदान तुमची धडपड दिसत होती. स्वतः लिहिलेल्या इंग्रजीतल्या चुका काढायला एआयची मदत जरूर घ्या. त्याने वाक्य बदललं आणि ते तुमच्या तोंडी शोभत नसेल, तर तुमचं जुनं वाक्य परत आणा.

स्वतःची ओळख लिहायची जागाही असते. तिथे ‘पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, रोज मराठी नावांच्या याद्या हाताळते’ एवढं पुरेसं आहे. या विषयासाठी यापेक्षा भक्कम ओळख मोठ्या कंपनीतल्या पदानेही मिळणार नाही. काही ठिकाणी पहिल्या फेरीत वाचणाऱ्याला नाव-गाव दिसतच नाही. रुबी या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कॉन्फरन्ससाठी बनवलेली प्रस्तावांची प्रणाली तशीच रचलेली आहे. तिथे ॲबस्ट्रॅक्टमध्ये स्वतःचं किंवा कंपनीचं नाव घालू नका, नावं झाकण्याचा हेतूच त्याने फसतो. प्रत्येक कॉन्फरन्सच्या सूचना वेगळ्या असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या पूर्ण वाचा.

बंगळुरूबद्दल. पायकॉन इंडिया ही पायथॉनची भारतातली कॉन्फरन्स २००९ साली बंगळुरूलाच, भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झाली हे खरं. पण २०११ साली ती पुण्यात भरली होती, पुढे दिल्ली, हैदराबाद, चेन्नई असं फिरत राहिली. रुबीवाल्यांनी तर आपली भारतातली कॉन्फरन्स गोव्यातही भरवली. पायकॉन इंडियात दर वर्षी समुदायासाठी झटणाऱ्या माणसाला केनेथ गोन्साल्विस यांच्या नावाने पुरस्कार देतात. गोन्साल्विस उटीत राहायचे, डोंगरातल्या गावात. तिथून त्यांनी देशभरच्या पायथॉनकरांना जोडलं. २०१२ साली ते गेले आणि पुरस्कार त्याच वर्षापासून सुरू झाला. मोठ्या कंपन्यांचे लोक व्यासपीठावर जास्त दिसतात हे मी नाकारणार नाही. त्यांना वेळ मिळतो, सराव मिळतो, प्रस्ताव वाचून देणारे सहकारी मिळतात. पण निवड करणारे तुमच्यासारख्या कामाची वाट बघत असतात हेही तितकंच खरं आहे. सहकारी पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर बोलणारा माणूस त्यांना क्वचित मिळतो.

बघायचं असेल तर बघताही येतं. पायकॉन इंडियाचे प्रस्ताव बरीच वर्षं जंक्शन नावाच्या प्रणालीत उघडे असायचे. कोणीही ते वाचू शकायचं, मत देऊ शकायचं, खाली प्रश्न विचारू शकायचं. निवडलेल्या टॉकचे व्हिडिओही यूट्यूबवर आहेत. तुमच्या विषयाजवळचे जुने प्रस्ताव काढा, निवडलेले आणि न निवडलेले शेजारी ठेवून वाचा, मग निवडलेल्यांचे व्हिडिओ बघा. एक सुट्टीचा दिवस त्याला द्या. माझ्या या पत्रापेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळेल.

इंग्रजीचं. टॉक इंग्रजीत द्यावा लागतो, हा अडथळा आहेच, त्याला नाही म्हणून चालणार नाही. अमेरिकेतल्या पायकॉनने २०१८ पासून स्पॅनिश टॉकची वेगळी मालिका सुरू केली, ‘चार्लास’ नावाची. आपल्याकडेही भारतीय भाषांतले टॉक असावेत असं मला मनापासून वाटतं, आणि आयोजकांनी यावर विचार करायलाच हवा. तोवर हातात आहे त्यातून वाट काढू. तुमच्या टॉकमध्ये बरंचसं बोलणं पडद्यावरची अक्षरं करणार आहेत. तीन कऱ्हाडे शेजारी ठेवून, खाली त्यांचे तुकडे सोडवून दाखवले की अर्धी गोष्ट सांगून झाली. सुरुवातीची चार आणि शेवटची चार वाक्यं पाठ करा, मधली करू नका. पाठ केलेलं मध्येच विसरलं की माणूस अडकतो. प्रश्न कळला नाही तर ‘पुन्हा सांगाल का’ असं निःसंकोच विचारा, उत्तर सुचलं नाही तर ‘नंतर भेटून बोलू’ म्हणा. समोर बसलेल्यांतल्या बहुतेकांचीही इंग्रजी ही मातृभाषा नसते आणि स्पष्ट, सावकाश बोलणारा वक्ता त्यांना आवडतो.

त्याआधी एकदा लहान मंडळींसमोर उभ्या राहा. पुण्यात पायथॉनपुणे या गटाचे मीटअप भरतात, बायकांसाठी पायलेडीजचं कामही पुण्यात झालेलं आहे. पायलेडीज ही चळवळ २०११ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली आणि पहिल्यांदा बोलणाऱ्या कितीतरी जणींना तिने उभं केलं. मीटअपमध्ये निवडीची चुरस नसते, आयोजकांना बोलणारा माणूस हवाच असतो. तिथे मराठीत बोललात तरी कोणी हरकत घेईल असं मला वाटत नाही. कुठल्या वाक्याला लोक पुढे सरसावतात आणि कुठे फोन काढतात ते पाहून ठेवा, आराखडा आपोआप सुधारेल. पुण्याला जाणं जमत नसेल तर जवळच्या इंजिनीअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजात विचारा. तुमच्याच कॉलेजातले शिक्षक आनंदाने तास देतील.

पुन्हा नकार आला तर? येऊ शकतो. त्याच विषयावर दुसरा कोणी आधीच निवडला गेला असेल, नवख्यांसाठीच्या टॉकची जागा भरली असेल, अशी कारणं प्रस्तावाच्या दर्जाबाहेरची असतात. नकाराला एक नम्र ईमेल पाठवून ‘काय सुधारता येईल’ एवढं विचारा. उत्तर प्रत्येक वेळी येत नाही, आलं तर ते मोलाचं असतं. तोच प्रस्ताव दुसऱ्या कॉन्फरन्सला पाठवण्यात काहीही गैर नाही. शिवाय टॉक हा एकच दरवाजा नाही. लाइटनिंग टॉक असतात, पाच मिनिटांचे, आणि त्यांची नोंदणी बहुधा कॉन्फरन्स चालू असतानाच होते. २००० साली पिट्सबर्गला पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कॉन्फरन्समध्ये त्यांना हे नाव मिळालं आणि तिथून ती पद्धत सगळीकडे गेली. तीन कऱ्हाडे पाच मिनिटांत छान बसतात. पोस्टरही लावता येतं, काही ठिकाणी त्याचा अर्ज वेगळा असतो.

कंपनीला विचारावंच लागेल, आणि प्रस्ताव पाठवण्याआधी. तोंडी ‘हो’ मिळालं तरी एक ईमेल लिहून लेखी होकार घ्या, कारण निवड झाल्यावर शेवटच्या आठवड्यात माघार घेणं आयोजकांना फार जड जातं. मालकांना सांगताना कोडचा कुठला भाग दाखवणार ते स्पष्ट करा. नियम आणि त्याच्या चाचण्या पुरेशा आहेत, पतसंस्थेचं बाकीचं सॉफ्टवेअर कोणाला दाखवायची गरज नाही. एका बाबतीत मात्र अजिबात सैल राहू नका. खऱ्या खातेदाराचं नाव, खाते क्रमांक किंवा शिल्लक स्लाइडवर येता कामा नये. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात राहिलेलं नावसुद्धा नको, टॉकचे व्हिडिओ कायम राहतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याच्याही आधी पतसंस्थेच्या माणसांचा तुमच्यावरचा विश्वास आहे. आडनाव ‘कऱ्हाडे’ ठेवा, ते हजारोंचं आहे. पहिलं नाव आणि बाकी तपशील काल्पनिक घ्या, आणि ते काल्पनिक आहेत असं स्लाइडवर लिहा.

खर्चाचं शेवटी. समुदायाच्या कॉन्फरन्स वक्त्याला मानधन देत नाहीत, आणि प्रवासखर्च देतीलच असंही नाही. पण अनेक ठिकाणी आर्थिक मदतीची योजना असते. पायकॉन इंडियानेही काही वर्षं ती दिली आहे. तिचा अर्ज वेगळा असतो आणि मुदतही वेगळी असते, कधीकधी टॉकचा निकाल लागण्याआधीच ती संपते. त्यामुळे निवड झाल्यावर बघू, असं करू नका. प्रस्ताव पाठवाल त्याच दिवशी मदतीची माहिती वाचा आणि अर्ज उघडा असेल तर भरून टाका. रेल्वेचं स्लीपरचं भाडं आणि दोन रात्रींची साधी खोली असा खरा हिशेब लिहा. मालकांकडूनही निदान रजा आणि एका बाजूचं तिकीट मागून बघा. पायकॉन इंडिया साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरते आणि प्रस्ताव त्याच्या काही महिने आधी मागवतात, म्हणजे मराठी खर्डा लिहायला याच आठवड्यात बसलात तर वेळ हाताशी राहील. खर्डा झाला की मला पाठवा. इंग्रजीत नेण्याआधी मी तो वाचून देईन.